दर दोन महिन्यांचा डोस

जंत औषधांना दाद देईनासे झाले की दोष बहुतेक वेळा पशुपालकाच्या माथी मारला जातो: त्याने मात्रा अर्धवट दिली असेल, मुदत संपलेली बाटली वापरली असेल, दुकानदाराला विचारून औषध आणले असेल. घोड्यांच्या बाबतीत मात्र हकीकत निराळी आहे. तिथे सल्ला तज्ज्ञांनी दिला, घोडेमालकांनी तो वर्षानुवर्षे निष्ठेने पाळला आणि प्रतिरोध त्या पाळण्यातूनच वाढला.

१९६६ मध्ये अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे हॅरोल्ड ड्रज आणि यूजीन लायन्स यांनी पागेतील सर्व घोड्यांना साधारण दर दोन महिन्यांनी जंतनाशक द्यावे, अशी शिफारस केली. त्यांच्यासमोरचा शत्रू स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस हा मोठा गोलकृमी होता. चरताना पोटात गेलेल्या त्याच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत शिरतात, तिथे रक्ताच्या गुठळ्या होतात आणि गुठळी पुढे सरकून अडकली की आतड्याचा तेवढा भाग मृत होऊन घोडा पोटशूळाने दगावतो. अळी पोटात गेल्यापासून तिची मादी होऊन अंडी घालेपर्यंत सहा महिने लागतात. म्हणूनच दर दोन महिन्यांनी आतड्यातले प्रौढ जंत मारत राहिले, तर कुरणावर नवी अंडी पडत नाहीत. हिशेब बिनचूक होता आणि पुढील काही दशकांत नियमित औषध देणाऱ्या पागांमधून हा जंत जवळजवळ नाहीसा झाला.

विशेष म्हणजे, मेंढ्यांमधील हिमाँकस हा रक्तपिपासू जंत फेनोथायाझिन या त्या काळच्या जंतनाशकाला जुमानत नाही, असे याच ड्रज यांनी १९५७ मध्ये नोंदवले होते. धोका त्यांना अपरिचित नव्हता. तरीही घोडे डोळ्यांदेखत मरत असताना त्यांनी दिलेला सल्ला मला चुकीचा वाटत नाही. चूक झाली ती नंतर, शत्रू बदलल्यावरही वेळापत्रक तेच ठेवण्यात.

नवा शत्रू म्हणजे सायथोस्टोमिन, अर्थात लहान स्ट्राँगाइल. यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. त्यांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत कोष करून महिनोन्महिने दडून राहतात आणि एकदम बाहेर पडल्या तर तीव्र हगवण होऊन घोडा मरू शकतो. सगळ्या घोड्यांना एकाच दिवशी औषध दिल्यानंतर कुरणावर जी अंडी पडतात ती फक्त औषधातून वाचलेल्या जंतांची असतात. दर दोन महिन्यांनी आपण जणू त्यांचीच निवड पैदास करत असतो. आज बेंझिमिडाझोल गटाची औषधे या जंतांवर बहुतेक देशांत निकामी ठरली आहेत आणि पायरँटेलही अनेक ठिकाणी अपुरे पडते. आयव्हरमेक्टिन दिल्यावर पूर्वी आठ आठवडे तरी लिदीत अंडी दिसत नसत. आता कित्येक पागांमध्ये ती पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. शिंगरांमधील पॅरास्कॅरिस हा जंत आयव्हरमेक्टिनला बधत नसल्याची नोंद नेदरलँड्समधून २००२ मध्ये आली. घोड्यांसाठी औषधांचा नवा गट मात्र गेल्या कित्येक दशकांत आलेला नाही.

मग औषध देणेच थांबवावे काय? डेन्मार्कने १९९९ पासून सरसकट जंतनाशक देण्यावर बंदी घातली आणि तपासणी व पशुवैद्याची चिठ्ठी सक्तीची केली. त्यानंतर औषधांचा वापर घटला, परंतु केवळ निवडक घोड्यांना औषध देणाऱ्या पागांमध्ये स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस पुन्हा आढळू लागला. दोन्ही टोकांच्या मधला जो मार्ग आता सुचवला जातो तो मला पटतो: वर्षातून एकदा-दोनदा सर्वांना औषध द्यावे, आणि एरवी लीद तपासून ज्यांच्या पोटातून जास्त अंडी पडतात त्यांनाच द्यावे. प्रौढ घोड्यांच्या कळपात सुमारे २० टक्के घोडे ८० टक्के अंडी टाकतात, त्यामुळे बाकीच्यांना वगळल्याने कुरण फारसे दूषित होत नाही. उलट औषधाला बळी पडणारे जंत शिल्लक राहतात आणि प्रतिरोधी जंतांचे प्रमाण आटोक्यात राहते.

पुण्याच्या परिसरात शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते, म्हणून हा विषय आपल्यालाही परका नाही. पण आपल्याकडे खरी चिंता शेळ्या-मेंढ्यांची आहे. पावसाळ्यात हिमाँकस फोफावतो आणि अख्ख्या कळपाला एकाच मापाने औषध पाजले जाते. शेळीचे शरीर अनेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला बऱ्याचदा कमी पडते आणि कमी मात्रेतून चिवट जंत तेवढे तगतात. औषध चालते की नाही हे पाहायला लेंड्या पुरतात: औषध पाजण्याआधी दहा-पंधरा शेळ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घ्याव्यात, दोन आठवड्यांनी त्याच शेळ्यांच्या पुन्हा घ्याव्यात आणि दोन्ही वेळची अंडी मोजून घ्यावीत. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील, आणि मात्रा वजन करून दिलेली असेल, तर त्या कळपात तो औषधगट बदलण्याविषयी आपल्या पशुवैद्याशी बोलावे.