अक्कांचा डबा आणि सिंबूचा पोलीस

रविवार, रात्रीचे सव्वाअकरा

पाऊस दुपारपासून धरून बसलाय. चेन्नईचा हा नोव्हेंबरातला पाऊस सहा वर्षं झाली तरी मला पटत नाही. दिवाळी उलटल्यावर आभाळ भरलं की वाईच्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कुणाचा तरी कापलेला भात शिवारात पडलेला असणार म्हणून. इथे मात्र सगळे खूश. तलाव भरणार, उन्हाळ्यात टँकर कमी लागणार.

नवरा कामासाठी कोइमतूरला गेलाय, मंगळवारी येईल. तर संध्याकाळी समोरच्या अक्कांनी दार वाजवलं. हातात स्टीलचा डबा. त्यांचा भाऊ गावाहून आलाय, त्याने हलवा आणलाय. गाव म्हणजे तिरुनेलवेली, तमिळनाडूच्या पार दक्षिणेकडचं. तिथला हलवा म्हणजे काय, हे आईला फोनवर सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. हलवा म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे गाजराचा येतो. मग सांगावं लागतं, अगं, कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो ना, तोच चीक, साखर आणि मग तूप, तूप, तूप. बोटाने उचलला तर घसरतो. हे लोक म्हणतात तिथल्या ताम्रपर्णी नदीच्या पाण्याशिवाय ती चव येत नाही. आम्ही कृष्णेच्या पाण्याबद्दल असलंच काहीबाही म्हणतो, त्यामुळे मी वाद घालत नाही.

डबा देऊन अक्का म्हणाल्या, एकटी काय बसलीस, टीव्हीवर सिंबूचा पिक्चर लागलाय, ये. गेले. जाऊन बघते तर ‘ओस्ती’!

मला हसूच फुटलं. ‘ओस्ती’ म्हणजे आपल्या ‘दबंग’चा तमिळ अवतार. ‘आपल्या’ असं अगदी सहज लिहून गेले. सलमान काही वाईचा नाही. पण ‘दबंग’चं बरंचसं शूटिंग वाईत झालं, आणि तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे माझा हक्क आहेच. सिनेमात गाव उत्तर प्रदेशातलं लालगंज. वाईला पूर्वापार दक्षिण काशी म्हणतात, तेव्हा उत्तरेचं सोंग तिला अवघड जाऊ नये. सलमान मला दिसला नाही. दिसल्या त्या पुढच्या लोकांच्या पाठी, आणि एक जीप. जीपवर ‘उत्तर प्रदेश पोलीस’ लिहिलेलं, आणि तिला टेकून दोन-तीन खोटे हवालदार चहा पीत उभे. त्यांच्यापुढे आमचा खरा हवालदार घामाघूम होऊन गर्दी मागे रेटत होता. पोटं खोट्यांचीही सुटलेली, पण इस्त्री कडक. एका म्हाताऱ्या बाबांनी नमस्कार केला तो खोट्यांनाच!

पुढे थेटरात ‘दबंग’ पाहिला तेव्हा माझं निम्मं लक्ष पिक्चरमध्ये नव्हतंच. हा घाट कुठला, ते वळण कुठलं, हेच चाललेलं. बाकी देश सलमानच्या चुलबुल पांडेवर फिदा झाला, गॉगल कॉलरच्या मागच्या बाजूला लटकवून पोरं फिरायला लागली, वर्षभराने राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, ‘निखळ मनोरंजन करणारा लोकप्रिय चित्रपट’ म्हणून. मला मात्र ते लालगंज शेवटपर्यंत लालगंज वाटलं नाही.

आज अक्कांची तीच गत झाली.

‘दबंग’ आला सप्टेंबर 2010 मध्ये आणि ‘ओस्ती’ डिसेंबर 2011 मध्ये. जेमतेम सव्वा वर्ष. दिग्दर्शक धरणी, संगीत थमनचं, आणि सिलंबरसन, म्हणजे सिंबू, पोलीस ओस्ती वेलनच्या भूमिकेत. ‘ओस्ती’ म्हणजे एकदम वरच्या दर्जाचं, आपल्याकडचं ‘लय भारी’. लालगंजचं झालं तिरुनेलवेलीकडचं गाव, आणि सिंबू बोलतो त्या भागातली बोली. दर वाक्याला ‘एले’, म्हणजे आपलं ‘लेका’. मला ती ऐकायला गंमत वाटत होती. अक्का पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाल्या, “हा आमच्याकडचा नाही. मद्रासचा पोरगा आमची नक्कल करतोय.” मला ते ‘एले’ आणि अक्कांच्या भावाचं ‘एले’ यांत काही फरक कळेना. भाऊ नुसता मान हलवत होता. कोल्हापूरचं म्हणून जे मालिकांमध्ये बोलतात ते ऐकून माझी मावशी अशीच मान हलवते.

अक्कांना हिंदी येत नाही, ‘दबंग’ त्यांनी पाहिलेला नाही. त्यामुळे एका सोफ्यावर बसून आम्ही दोन वेगळे सिनेमे बघत होतो. त्यांच्यापुढे एक चालू होता, माझ्यापुढे दोन. सावत्र बाप आला की माझ्या मनात विनोद खन्ना, पडद्यावर नासर. आई आली की तिथे डिंपल, इथे रेवती. बरं, रेवती आणि नासर ही काही लहान माणसं नव्हेत, पण माझी नजर सारखी ताळा मांडत बसलेली. संतानमच्या हवालदारी विनोदांवर अक्का पोट धरून हसल्या. मी त्यांच्या हसण्याला हसले, निम्मे विनोद मला कळलेच नाहीत. मध्येच त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुला पुढचं सगळं माहितीय ना? सांगू नकोस हं.” रिमेक असतो तो यांच्यासाठी. माझ्यासारखीला तिथे कुणी बोलावलेलं नसतं.

खलनायक सोनू सूद मात्र दोन्हीकडे आहे. तिथे छेदी सिंग, इथे बॉक्सर डॅनियल. त्याला बघून अक्कांच्या भावाने सांगितलं की याची सुरुवात आमच्याचकडची, 1999 मध्ये विजयकांतच्या ‘कळ्ळळगर’मध्ये. म्हणजे पंजाबच्या मोग्याचा पोरगा तमिळमध्ये उमेदवारी करून हिंदीत मोठा झाला आणि हिंदीतलीच भूमिका घेऊन परत आला. रिमेकच्या धंद्यात नायक त्या-त्या गावचा लागतो, खलनायकाला मात्र प्रवासभत्ता देतात. प्रकाश राजचंच बघा ना. ‘ओक्कडु’ तेलुगूत, ‘गिल्ली’ तमिळमध्ये, दोन्हीकडे तोच. ‘सिंगम’ तमिळ, ‘सिंघम’ हिंदी, दोन्हीकडे तोच. सूर्याच्या हातचा मार खाऊन झाल्यावर वर्षभराने अजय देवगणच्या हातचा.

मग ‘कलासला’ गाणं लागलं. ‘मुन्नी’ची जागा. मलाइकाऐवजी मल्लिका शेरावत. मी तुलना करायला सरसावलेच होते, तेवढ्यात अक्का एकदम म्हणाल्या, “हा आवाज एल. आर. ईश्वरींचा!” आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ईश्वरींना मी ओळखते ती आडी महिन्यातल्या लाउडस्पीकरवरून. आपला आषाढ-श्रावण चालू असतो तेव्हा इथे गल्लोगल्ली अम्मनच्या देवळांवर त्यांची देवीची गाणी पहाटेपासून सुरू होतात. जुन्या सिनेमांत क्लबातली खट्याळ गाणीही त्यांचीच. देवी आणि कॅबरे, दोन्ही एकाच गळ्यात. इतक्या वर्षांनी थमनने त्यांना आणलं आणि सोबत सिंबूचे वडील टी. राजेंदर. साडेतीन-चार मिनिटंच, पण तेवढा वेळ मला ‘मुन्नी’ आठवली नाही. अक्का तर ठेका धरून बसलेल्या, त्यांना पडद्यावर कोण नाचतंय याच्याशी देणंघेणंच नव्हतं.

गाणं संपलं आणि परत ताळा सुरू.

मला खरं तर धरणीचं नवल वाटतं. ‘गिल्ली’ याच माणसाची. तीही रिमेकच, महेश बाबूच्या ‘ओक्कडु’ची. पण कर्नूल सोडून मदुरैला आला तो सगळं बिऱ्हाड हलवून. हिरो विजयचं घर, तो वैतागलेला बाप, ती आगाऊ धाकटी बहीण, सगळं इथल्या मातीतलं वाटतं. वीस वर्षांनी, 2024 मध्ये, परत थेटरात लावली तर पोरांनी खुर्च्यांवर उभं राहून पाहिली. मूळ तेलुगू आहे हे सांगितलं तर अक्का भांडायला उठतील. मग ‘ओस्ती’त त्याचा हात का आखडला?

उत्तर बहुतेक अक्कांनीच दिलं, न विचारता. मध्यंतराच्या जाहिराती चालू होत्या. त्या डाळ भिजत घालायला उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “आमच्या तिरुनेलवेलीला पोलिसांची काय कमी? विक्रम येऊन गेला की.” म्हणजे 2003 चा ‘सामी’. त्यात विक्रम तिरुनेलवेलीचाच पोलीस अधिकारी, वरवर लाच खाणारा, आतून वाघ. मग 2010 मध्ये सूर्याचा ‘सिंगम’, तोही दक्षिणेकडचाच. मिशी, बुलेट, टेबलावर पाय, एका फटक्यात चार माणसं हवेत. हे सगळं इथे रोजच्या जेवणातलं. हिंदीने त्या काळात ते इथूनच तर उचललं होतं. ‘गजिनी’ तमिळवरून, सलमानचा ‘वाँटेड’ तेलुगू ‘पोकिरी’वरून. ‘दबंग’ काही रिमेक नव्हे, पण ती फोडणी तिकडचीच. हिंदीवाल्यांना ती नवी होती, म्हणून ठसका लागला. तीच फोडणी तिरुनेलवेलीला परत नेऊन घातली, तर अक्कांना कसला ठसका लागणार?

इथे मला माझी चकली आठवली आणि सोफ्यावर बसल्या बसल्या लाज वाटली.

आमची इथली पहिली दिवाळी. अक्कांनी असाच डबा पाठवलेला, भरून. आईचा फोनवर हुकूम, डबा रिकामा परत पाठवायचा नाही, काही नसलं तर चमचाभर साखर तरी घाल. मी दोन दिवस खपून भाजणीची चकली केली. काटा सुरेख, खुसखुशीत, एकही तुटली नाही. डब्यात लावून ऐटीत नेऊन दिली. अक्कांनी झाकण उघडलं, एक उचलली आणि अगदी मायेने म्हणाल्या, “अय्यो, मुळ्ळु मुरुक्कु! तुलाही येतो?” त्यांच्या घरात डालड्याच्या जुन्या डब्यात तोच पदार्थ गच्च भरलेला होता, माझ्याहून पातळ काट्याचा. भाजणी वेगळी, धणे-जिरे वेगळे, असं मी सांगत राहिले. त्या हो हो म्हणत राहिल्या.

आमच्या ‘सिंघम’ने हे बरोबर ओळखलं होतं. मूळ तमिळ खरा, पण रोहित शेट्टीने हिरोला बाजीराव केलं, मराठीत भडकायला लावलं, गोव्याच्या हद्दीवर आणून सोडलं. आमच्याकडे तो आपलाच म्हणून खपला. आणि ‘दबंग’चंच बघायचं तर 2012 मध्ये तेलुगूत ‘गब्बर सिंग’ आला. हरीश शंकरने सांगाडा ठेवला आणि आत पवन कल्याणला मोकळा सोडला. पोलीस ठाण्यात गुंडांना बसवून अंताक्षरी खेळतो तो! मूळ सिनेमात याचा मागमूस नाही, आणि लोकांना तेच लक्षात आहे. सिंबूला असं एखादं अंगण कुणी दिलंच नाही. पोरगा नाचतो काय सुंदर, शेवटच्या मारामारीसाठी अंगही कमावलेलं, पण चालायचं ते सलमानच्या पावलांच्या ठशांवरून.

हे मी अक्कांना काही बोलले नाही. त्यांना पिक्चर आवडला. आईच्या मरणाच्या प्रसंगाला तर त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला तिथे खलनायक तिचा दम्याचा पंप कधी हिसकावणार याचीच वाट होती, म्हणून डोळे कोरडे. कोण शहाणं ठरलं यात?

निघताना सहज सांगितलं की शाहरुखच्या ‘चेन्नई एक्सप्रेस’मधलं तमिळ गाव आमच्या वाईत उभं केलं होतं. अक्कांनी डोळे मोठे केले. “मग आमच्याकडे का नाही आले?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दक्षिण काशी आहे ती, कधी उत्तर होते कधी दक्षिण, असं काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढं तमिळ मला येत नाही.

घरी येऊन हलवा संपवला. सगळा नाही, याच्यासाठी दोन चमचे ठेवलेत, टिकले तर. आईला फोन केला. परतीला काय देऊ विचारलं तर म्हणे बेसनाचे लाडू कर. लाडू त्यांच्याकडेही होतात. म्हटलं, खर्डा देते, हिरव्या मिरचीचा, दाण्याचं कूट घालून, तव्यावर रगडलेला. आई ओरडली, गोडाच्या डब्यातून तिखट पाठवतात का कुणी! पण अक्कांच्या यजमानांना इडलीच्या पुडीबरोबर तिखटाची कसली कसली हौस आहे ते मी पाहिलंय.

डबा दोनदा कढत पाण्याने घासला. तळाशी तमिळ अक्षरात अक्कांचं नाव कोरलंय, आमच्या भांड्यांवर आजीचं असायचं तसंच. त्या अक्षरांच्या खाचांत तूप अडकून बसलंय, काही केल्या निघत नाही. ओट्यावर पालथा घातलाय. उद्या मिरच्या आणायच्या, पाऊस थांबला तर.