सलाईनच्या स्टँडवरचा डीएनए

मे महिना, वर्धा जिल्हा, पारा 45 च्या घरात. डीएनएचा एकेक रेणू वाहत्या द्रावणात ताणून बघायचा आमचा प्रयोग, आणि ते द्रावण ढकलणारा कॉलेजचा सिरिंज पंप व्होल्टेजच्या झटक्यानं जळून गेलेला. लाईट गेली की इन्व्हर्टरवर मायक्रोस्कोपचा एलईडी, कॅमेरा आणि लॅपटॉप एवढंच चालायचं. कूलर बंद, पण त्याचं दुःख नाही. तो सुरू असला की टेबल थरथरतं आणि पडद्यावर डीएनए नाचतो.

लॅब सांभाळणाऱ्या काकाजींनी पंपाऐवजी द्रावणाच्या बाटल्या टांगायला दवाखान्यातून सलाईनचे जुने स्टँड मागून आणले. पाण्याची बाटली एक सेंटिमीटर वर चढवली की दाब सुमारे 98 पास्कलनं वाढतो. खरं सांगायचं तर पंपापेक्षा हे बरं. पंपाची मोटर टप्प्याटप्प्यानं फिरते आणि तिचे हिसके बारीक नलिकेत जाणवतात.

बाटल्यांतलं द्रावण जातं ती चिप पारदर्शक सिलिकॉन रबराची, तीत फुलीच्या आकाराची नलिका. समोरासमोरच्या दोन तोंडांतून द्रावण आत येतं, उरलेल्या दोनांतून बाहेर जातं. फुलीच्या बरोब्बर मध्यावर वेग शून्य. तिथे सापडलेला रेणू दोन्हीकडून ताणला जातो.

रेणू लॅम्डा फाजचा, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूचा. 48,502 बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, लांबी साडेसोळा मायक्रॉन. योयो-1 हा चमकणारा रंग चढला की वीसच्या पुढे. पिपेटनं जोरात ओढला तर तुटतो, म्हणून टिपचं टोक कापून घ्यायचं. पातळ बफरात, म्हणजे आम्लता कायम राखणाऱ्या द्रावणात, तो क्षणार्धात आक्रसतो. साखर घालून द्रावण घट्ट केलं की तेच सावकाश बघायला मिळतं.

त्या दुपारी मी पडद्याकडे डोळे लावून, काकाजी स्टँडपाशी. "डावी बाटली जराशी खाली. अजून. थांबा!" काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका मध्यावर अडकला, थरथरला आणि दोन्ही टोकांना गाठी ठेवून सर्रकन लांबला. पुढचा आला तो वाळत घातलेल्या धोतरासारखा मधोमध दुमडलेला, उलगडेचना. तिसरा तर नुसता गोळा होऊन बसला.

काकाजी पडद्यापाशी आले. "सर, सारे एकाच बाटलीतले ना? मंग हा असा आन तो तसा काऊन?"

प्रश्न नेमका होता. 1997 मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन चू यांच्या गटानं अशाच प्रवाहात हेच पाहिलं होतं आणि फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी त्याला 'रेणूंचा व्यक्तिवाद' म्हटलं. रेणू एकसारखे, प्रवाहही तोच. पण मध्यावर येताना उष्णतेच्या धक्क्यांनी कोणाची गुंडाळी कशी पडलेली असेल, याचा नेम नसतो. टोकं विरुद्ध बाजूंना असली तर झटकन उघडतो. एकाच बाजूला असली तर दुमडतो आणि वेळ खातो. नुसती सरासरी काढली तर हे सगळं बुजून जातं.

"म्हंजे येतानाच ठरलं," काकाजी म्हणाले. बरंचसं तसंच.

दुमडलेला एक रेणू मी धरून ठेवायचा ठरवला. काकाजी बाटली केसभर वरखाली करत राहिले. घडी अर्धी सुटली तोच तो तुटला. रंगावर सतत प्रकाश पडला की डीएनएला चिरा जातात, त्याचा हा परिणाम. दोन तुकडे दोन तोंडांनी निघून गेले. नोंदवहीत त्याच्यापुढे 'अपूर्ण' लिहिलं आणि फाईल वेगळी ठेवली.

लाईट आली तेव्हा साखरेच्या बाटल्यांना मुंग्या लागल्या होत्या. काकाजींनी त्या उतरवून पाणी भरलेल्या ताटलीत ठेवल्या.