पाटण ते बऱ्हाणपूर: दगडावरच्या तारखा जुळवताना

चाळीसगावहून पाटणादेवी, म्हणजे जुनं पाटण, साधारण १८ किलोमीटर. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी असतं, म्हणून आम्ही जुने शिलालेख वाचायला थंडीत निघालो. सोबत विजेरी, मोजपट्टी, वही आणि पंचांग.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, देवगिरीचा राजा सिंघण यादव याचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने इथे मठ काढला. त्या मठाच्या दानाचा हा पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात सुरू होतो, पण दानाचा तपशील आला की सरळ मराठीवर येतो: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’. केणें म्हणजे विक्रीचा माल. या पाटणात जो माल विकायला निघेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारी पट्टी मठाला दिली. आठशे वर्षांपूर्वीचा बाजार या एका ओळीत ऐकू येतो.

जुना लेख वाचताना विजेरी समोरून मारली की अक्षरं सपाट होतात. ती बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरायची. मग खोदलेल्या रेघेत सावली पडते आणि अक्षर उठतं. आधी अख्ख्या दगडाचा फोटो, मग मोजपट्टी ठेवून तीन-तीन ओळींचे, एक ओळ पुन्हा येईल असे. खडू किंवा तेल लावू नका. तेलावर धूळ बसते, चर बुजतात आणि पुढच्या माणसाला काहीच दिसत नाही.

खरी मजा तारखेत आहे. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर (साठ नावांच्या वर्षचक्रातलं पहिलं), श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण. शकात ७८ मिळवले की १२०६ येतं, आणि बहुतेक जण तिथेच फसतात. संवत्सर ताडून पाहा: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी १ उरली तर प्रभव. ११२८ ला बाकी शून्य, म्हणजे साठावं, क्षय! प्रभव येतं ११२९ ला. म्हणून अभ्यासकांनी ग्रहणाशी मेळ घालून ९ ऑगस्ट १२०७ हा दिवस धरला. नुसत्या आकड्यावर कधीच थांबू नये, ते यासाठी.

चाळीसगावहून रेल्वेने भुसावळ. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारा मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला, त्याला इथेच पुरलं. त्याची बरीच चित्रं १८६६ च्या आगीत लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. मोठं नुकसान.

पुढे बऱ्हाणपूर. आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी हीच. इथल्या जामा मशिदीत अरबीसोबत चक्क संस्कृत लेख आहे. त्यात (विक्रम) संवत् १६४६ आणि शके १५११ दोन्ही दिलेत. या दोन गणनांत १३५ वर्षांचं अंतर असतं, म्हणून वजाबाकी १३५ आली की वाचन बरोबर. संवत्सर विरोधी: १५११ अधिक १२, बाकी २३, तेविसावं विरोधीच. महिना मात्र पौष. त्या साली पौष शुद्ध दशमी इंग्रजी वर्ष उलटल्यावर येते, म्हणून इथे ७८ नव्हे, ७९ मिळवायचे: जानेवारी १५९०.

लेखात फारुकी सुलतानांची वंशावळही आहे. त्याआधी सृष्टिकर्त्याला वंदन, आणि त्याची विशेषणं: ‘अव्यक्तं व्यापकं नित्यं’.