डायक्स्ट्रा : समुद्राच्या बांधावरचे आडनाव

संगणकशास्त्र शिकणाऱ्या नांदेड-लातूरकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला डायक्स्ट्रा हे नाव ठाऊक असते. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची जी रीत एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधली आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केली, ती मीही वर्गात शिकवतो. त्या नावामागचा मुलूख मात्र अभ्यासक्रमात नसतो, आणि तो मुलांना सांगावा असे मला मनापासून वाटते.

हे आडनाव नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतातले आहे. ‘डायक’ म्हणजे समुद्राचे पाणी अडवणारा बांध, आणि ‘स्ट्रा’ हा तिथल्या फ्रिजियन लोकांचा प्रत्यय ‘तेथे राहणारा’ असे सुचवतो. हा प्रांत इतका सखल आहे की, बांध उभे राहण्यापूर्वी लोक मातीची टेकाडे रचून त्यांवर घरे बांधत. या टेकाडाला ‘तेर्प’ म्हणतात आणि होगेबाइंटुम या गावचे तेर्प जवळजवळ ९ मीटर उंच आहे. तेर्पवरचे ते तेर्पस्ट्रा, पाणी सोडण्याच्या दारापाशी राहणारे झायलस्ट्रा, बांधालगतचे डायक्स्ट्रा.

आपल्याकडे पैठणकर किंवा देगलूरकर हे नाव बहुधा गाव सोडल्यावर चिकटते, कारण पैठणात सगळेच पैठणचे असतात. डायक्स्ट्रा हे नाव मात्र गावातच राहून, घराच्या जागेवरून मिळालेले आहे. मराठवाड्यात निम्मे गाव एकाच आडनावाचे असले की लोक ‘गढीवरचे’, ‘वेशीजवळचे’, ‘ओढ्याकडचे’ अशी ओळख सांगतात, तशीच ही ओळख. आपल्याकडची ही ओळख बहुतेक बोलण्यातच राहिली. फ्रीसलंडमध्ये ती सरकारी दप्तरात गेली, आणि ते घडले नेपोलियनमुळे.

१८१० मध्ये नेपोलियनने हॉलंड फ्रान्सला जोडले आणि १८ ऑगस्ट १८११ च्या फर्मानाने ज्यांना कायमचे आडनाव नव्हते त्यांनी ते घ्यावे, असे ठरले. तोवर खेड्यापाड्यांतील बहुतेक फ्रिजियन लोक बापाचेच नाव लावीत. यानचा मुलगा पीटर हा ‘पीटर यान्स’ होई आणि त्याचा मुलगा ‘यान पीटर्स’, म्हणजे पिढीगणिक नाव बदले. आता कुटुंबप्रमुखाने स्थानिक कार्यालयात जाऊन आडनाव सांगायचे आणि त्याखाली मुले-नातवंडे, त्यांची वये व राहण्याचे ठिकाण यांची नोंद व्हायची. काही घराण्यांत हे आडनाव आधीपासूनही होते, पण कुळकर्ण्याच्या दप्तराची आठवण करून देणाऱ्या या नोंदवह्यांनीच ते कायम केले. फ्रीसलंडची राजधानी लेवार्डन येथील ‘ट्रेसोआर’ या संस्थेत प्रांताचे जुने दप्तर आजही सांभाळलेले आहे. याच नागरी नोंदणीशी एड्सगर यांची १९५७ मध्ये गाठ पडली : विवाहाच्या नोंदीत त्यांनी ‘प्रोग्रॅमर’ असा व्यवसाय सांगितला, असा व्यवसायच नाही म्हणून तो नाकारण्यात आला आणि कागदावर ते भौतिकशास्त्रज्ञ झाले.

पुढे हे नाव प्रांताबाहेर पडले. स्वतः एड्सगर यांचा जन्म १९३० मध्ये दूर दक्षिणेला रॉटरडॅम येथे झाला. १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे नेदरलँड्सला हिवाळी ऑलिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून देणारी स्केटिंगपटू श्यौक्या डायक्स्ट्रा मात्र अक्रुम या फ्रीसलंडमधल्याच गावची. १८७८ नंतर अमेरिकेतून आलेल्या स्वस्त धान्याने तिथली शेती मोडली. भाव पडले की काय होते, हे मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. अनेक शेतमजूर कुटुंबे तेव्हा अमेरिकेला गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडा व ऑस्ट्रेलियाकडेही मोठी लाट वाहिली. डच लिपीत जोडीने येणाऱ्या ‘आय-जे’ या अक्षरांच्या जागी अमेरिकेत एकच ‘वाय’ आला, म्हणून तिथले बहुतेक डायक्स्ट्रा वेगळ्या स्पेलिंगने ओळखले जातात.

बांध अनेक गावांना होते, त्यामुळे हे नावही अनेक कुटुंबांनी एकमेकांशी संबंध नसताना घेतले. म्हणून मिशिगनमधल्या दोन डायक्स्ट्रांना आपण भावकी आहोत का हे पाहायचे असेल, तर नुसत्या आडनावाने भागत नाही; १८११ च्या सुमारास आपला पूर्वज कोणत्या गावी राहत होता आणि त्याच्या बापाचे नाव काय होते, हे दोन्ही त्यांना शोधावे लागते.