शिसे-२०९ मधला १२७ वा न्यूट्रॉन: (डी, पी) अभिक्रियेच्या विश्लेषणात कुठे घसरायला होतं

बडोद्यात एम. एस. युनिव्हर्सिटीत न्यूक्लिअर विषय घेऊन एम.एससी. करणाऱ्यांना बीमटाइमसाठी (त्वरकावर प्रयोगाला मिळणारा वेळ) मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. विश्लेषण मात्र घरच्या लॅपटॉपवर होतं, आणि खऱ्या चुका तिथेच होतात. सरावाला शिसे-२०८ सारखं दुसरं केंद्रक नाही. त्यात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, दोन्ही कवचं भरलेली. त्यावर ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी) सोडला की न्यूट्रॉन आत राहतो आणि प्रोटॉन बाहेर पडतो; हीच (डी, पी) अभिक्रिया. त्या प्रोटॉनच्या ऊर्जेवरून १२७ वा न्यूट्रॉन कोणत्या पातळीत बसला ते कळतं. पातळीच्या नावातलं अक्षर म्हणजे कक्षीय कोनीय संवेग एल (एस ०, डी २, जी ४, आय ६, जे ७) आणि अपूर्णांक म्हणजे एकूण कोनीय संवेग. तळाला २जी ९/२, मग ०.७७९ एमईव्हीवर (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) १आय ११/२, १.४२३ वर १जे १५/२, १.५६७ वर ३डी ५/२, २.०३२ वर ४एस १/२, २.४९१ वर २जी ७/२ आणि २.५३८ वर ३डी ३/२.

शेवटच्या दोघांत अंतर फक्त ४७ केईव्ही (०.०४७ एमईव्ही) आहे. सिलिकॉन टेलिस्कोपने (एकामागे एक लावलेले सिलिकॉन डिटेक्टर) ती दोन शिखरं सुटी करणं जड जातं, त्यासाठी चुंबकीय स्पेक्ट्रोग्राफच हवा. शिवाय ड्यूटेरॉन २० एमईव्हीचा असेल तर बाहेर येणारा प्रोटॉन २१ च्या वर असतो, कारण क्यू-मूल्य (अभिक्रियेत सुटणारी ऊर्जा) +१.७१ एमईव्ही आहे. एक मिलिमीटर जाडीचं सिलिकॉन त्याला थांबवत नाही. डिटेक्टरची एकूण जाडी आधी मोजून घ्या, नाहीतर शिखर भलत्याच ऊर्जेवर दिसेल.

टार्गेट बहुधा कार्बनच्या पातळ पत्र्यावर चढवलेलं शिसं असतं, आणि हा कार्बन फार त्रास देतो. कार्बन-१२ चं क्यू-मूल्य २.७२ एमईव्ही, म्हणजे शिशापेक्षा जास्त. पुढच्या कोनांत त्याचा प्रोटॉन वरच्या बाजूला वेगळा दिसतो. पण २० अंशांवरून ४० अंशांवर जाताना शिशाचं शिखर जेमतेम ०.०५ एमईव्ही सरकतं, तर कार्बनचं जवळजवळ ०.८. त्यामुळे ३६ अंशांच्या आसपास ते नेमकं शिशाच्या तळपातळीवर येऊन बसतं. एकाच कोनावर मोजून निष्कर्ष काढणाऱ्याला हे दिसणारच नाही. नुसत्या कार्बनच्या पत्र्यावर एक वेगळी रन घेतलीच पाहिजे.

एल कोनीय वितरणावरून, म्हणजे कोणत्या कोनाला किती प्रोटॉन येतात त्यावरून, ठरतो: शून्य असेल तर शिखर सरळ पुढे, वाढेल तसं मोठ्या कोनाकडे. पण या ऊर्जेला संवेगाचा फरक गुणिले केंद्रकाची त्रिज्या हे एलच्याच एककात साधारण ३ येतं, म्हणून आय ११/२ आणि जे १५/२ (एल ६ आणि ७) दुबळी दिसतात. ती हवी असतील तर (अल्फा, हेलियम-३) ही अभिक्रिया वापरावी. तिथे संवेगाची तफावत मोठी असल्याने मोठे एल उठून दिसतात. ड्यूटेरॉनची ऊर्जा कूलंब अडथळ्याच्या (शिशासाठी सुमारे ११ एमईव्ही) खाली नेली, तर वितरण मागच्या कोनांकडे झुकतं आणि एल ओळखण्याची खूण पुसट होते.

आता स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर, म्हणजे पातळी एकट्या न्यूट्रॉनच्या शुद्ध पातळीशी किती जुळते ते सांगणारा आकडा. तो मोजलेला आकडा नाही, मोजलेल्या काटछेदाला गणिताने काढलेल्या काटछेदाने भागून आलेला आहे. हे विसरलं की सगळंच बिघडतं. फ्रेस्को आणि डीडब्ल्यूयूसीके हे त्या गणिताचे संगणक प्रोग्राम. फ्रेस्कोमध्ये नोड (तरंगफलन शून्य होतं ते बिंदू) मोजताना मूळबिंदू धरतात, म्हणून २जी ९/२ साठी २ द्यायचा. डीडब्ल्यूयूसीकेमध्ये तो धरत नाहीत, तिथे १. (२जे+१) हा घटक (इथे जे म्हणजे पातळीच्या नावातला अपूर्णांक) आत धरलाय की बाहेरून लावायचाय हे चुकलं, तर जी ९/२ साठी उत्तर दहापट चुकतं. न्यूट्रॉनला बांधणाऱ्या वूड्स-सॅक्सन विहिरीची खोली ३.९४ एमईव्ही विभक्ती ऊर्जेला (न्यूट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा) जुळवून घ्यावी लागते. पण त्रिज्येचा गुणांक १.२० ऐवजी १.३० फेम्टोमीटर घेतला, तर फॅक्टर तीसेक टक्के किंवा त्याहूनही जास्त उतरू शकतो. अभिक्रिया पृष्ठभागाजवळ घडते आणि तिला तरंगफलनाची फक्त शेपटी दिसते. त्रिज्या वाढली की शेपटी जाड होते. म्हणून आकडा देताना त्रिज्या, विसरण (विहिरीच्या कडेचा उतार) आणि ऑप्टिकल पोटेन्शियल (ड्यूटेरॉन व प्रोटॉनच्या विकिरणासाठी धरलेलं पोटेन्शियल) सोबत लिहावं. एकाच मांडणीत काढलेल्या फॅक्टरांची आपसांतली तुलना त्यामानाने विश्वासाची असते.

जे १५/२ चा फॅक्टर एकपेक्षा बराच कमी आला तर घाबरू नये. शिसे-२०८ च्या २.६१५ एमईव्हीवरच्या ३⁻ (स्पिन ३, ऋण पॅरिटी) कंपनाशी जी ९/२ जोडला की तोच स्पिन आणि तीच पॅरिटी तयार होते, आणि दोघं मिसळतात. उरलेली शक्ती वरच्या पातळ्यांत शोधायची.