तुम्ही विचारलंत म्हणून: नेपोलियनला पावसाने हरवलं का?

इतिहास शिकवतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच. "सर, आदल्या रात्री पाऊस पडला नसता तर वॉटर्लूला नेपोलियन जिंकला असता ना?" वर्गात विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. पावसाने घोळ घातला हे खरं, पण मला विचाराल तर निकालाची दिशा दोन दिवस आधीच ठरली होती. ठरवली ती एका हरलेल्या सैन्याने.

१६ जून १८१५ला आजच्या बेल्जियममधल्या लिन्यी गावाजवळ नेपोलियनने प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्याचा पराभव केला. त्यांचा सेनापती ब्लूखर ७२ वर्षांचा. गोळी लागून घोडा कोसळला, म्हातारा त्याच्याखाली अडकला आणि फ्रेंच घोडदळ शेजारून दौडत गेलं. अंधार पडत आला होता आणि नोस्टित्झ नावाचा सहायक त्याला सोडून हलला नाही, म्हणून वाचला. तो सापडेपर्यंत सूत्रं त्याचा दुय्यम अधिकारी ग्नाइझेनाउकडे. याचा वेलिंग्टनवर, म्हणजे प्रशियनांच्या बाजूने लढणाऱ्या ब्रिटिश सेनापतीवर, फारसा विश्वास नव्हता. पूर्वेला लिएजकडे, आपल्या रसदीच्या वाटेने निघून जाणं सोपं होतं. त्याने सैन्य वळवलं उत्तरेला, वाव्रकडे. त्यामुळे वेलिंग्टन एका दिवसाच्या चालीत राहिला. अख्ख्या मोहिमेतला सगळ्यात मोलाचा हुकूम मी हाच मानतो. नेपोलियनला वाटलं, प्रशियन पूर्वेला पळाले. त्यांच्या मागावर त्याने आपला सरदार ग्रूशीला तेहतीस हजार माणसं देऊन धाडलं, आणि ती माणसं वॉटर्लूला त्याच्या उपयोगी पडली नाहीत.

आता पाऊस. तोफा हलवण्याइतकी जमीन वाळावी म्हणून नेपोलियन वॉटर्लूच्या लढाईच्या दिवशी, १८ तारखेला, सकाळी साडेअकरापर्यंत थांबला. त्याचं सगळं सैन्यही तोवर जागेवर आलेलं नव्हतं, हे मात्र कोणी सांगत नाही. शिवाय चिखल काय फक्त फ्रेंचांच्याच वाट्याला आला होता? ब्यूलोची प्रशियन तुकडी वेलिंग्टनच्या मदतीला पहाटेच निघाली. वाव्रच्या अरुंद गल्लीत आग लागली, मागचं सैन्य खोळंबलं. पुढे लान गावच्या दरीत तोफांची चाकं आसापर्यंत रुतली. माणसं खांदा लावून त्या चढावर ढकलत होती, आणि अंग ठेचलेला ब्लूखर घोड्यावर बसून त्यांना विनवत होता, की मी वेलिंग्टनला शब्द दिलाय.

इकडे वेलिंग्टन टिकून होता. हाच तो आर्थर वेल्स्ली, ज्याने १८०३मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झुंज घेतली होती. त्याच्या साधारण ६८ हजारांत ब्रिटिश जेमतेम एक तृतीयांश. बाकी डच, बेल्जियन आणि निरनिराळ्या संस्थानांतले जर्मन. ला ए सांत या शेतवाड्यात मेजर बारिंगचे जर्मन शिपाई काडतुसं मागत राहिले. ती आलीच नाहीत, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास वाडा पडला. वेलिंग्टनची फळी मधोमध फाटायला आली होती.

पण तोवर साडेचारपासून प्रशियन फ्रेंचांच्या उजव्या बगलेमागच्या प्लांसन्वा गावावर तुटून पडले होते. त्यांना अडवायला नेपोलियनने आधी लोबोची तुकडी, मग आपल्या खास निवडक इम्पीरियल गार्डमधले यंग गार्ड, मग ओल्ड गार्डच्याही पलटणी पाठवल्या. मधली फळी फोडायला हीच माणसं हवी होती! साडेसातच्या सुमारास उरलेले इम्पीरियल गार्ड वेलिंग्टनच्या फळीकडे चढावावर निघाले, तेव्हा त्यांच्यामागे राखीव असं फारसं काही उरलंच नव्हतं. ते मागे हटले आणि त्याच वेळी त्सीटनची प्रशियन तुकडी वेलिंग्टनच्या डाव्या बगलेला येऊन भिडली. मग फ्रेंच सैन्य फुटलं. ग्नाइझेनाउने रातोरात पाठलाग केला आणि जनाप गावात नेपोलियनची बग्गीसुद्धा प्रशियनांच्या हाती लागली. चार दिवसांनी, २२ जूनला, नेपोलियनने गादी सोडली.