पदराला हात

वडसा, सकाळचे नऊ. माघातली थंडी.

आत्ता खोलीवर आले. तोंडावरचा रंग गाडीतच खोबरेल तेलानं पुसला, कानामागं अजून लागतोच आहे. अंग मोडून आलंय, पण झोप काही येत नाही. काल रात्रीचं लिहून काढल्याशिवाय येणारही नाही.

सिंदेवाहीकडच्या एका गावात नाटक होतं. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे, माहेरी आलेल्या लेकी, दोन-तीन घरांत सोयरिकीची बोलणी. धान निघालेल्या बांधीत मंडप घातलेला. समोरची जमीन खणून बसायला खोलगट जागा केलेली, त्याच मातीचा आमचा रंगमंच. स्वागत-सत्कार आटपता आटपता साडेअकरा झाले, मग पडदा उघडला. तिसरा अंक लागला तेव्हा साडेतीन वाजले असतील. पुढच्या बाया चादरी गुंडाळून, मांडीवर झोपलेली पोरं घेऊन बसलेल्या, आणि एकही उठलेली नव्हती. असं समोर दिसलं की माझी थंडी पळते.

तिसऱ्या अंकात माझा मोठा प्रवेश. शेत विकायला निघालेल्या पोरासमोर आई उभी राहते. पोरानं त्याचं वाक्य टाकलं आणि माझ्या डोक्यात काहीच नाही. लख्ख रिकामं. मी डावा हात पदराला लावला.

विंगेतून काही आलं नाही.

हा पदराचा हात मास्तरजींचा आणि माझा. 2006 साली मी या कामात आले, एकोणीस वर्षांची होते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या मुलखात, भाऊबीजेनंतर गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा लागतात, तिथून होळीपर्यंत आम्हाला दम नसतो. आज लाखांदूर, उद्या कुरखेडा, परवा नागभीड. रोज गाव वेगळं आणि पुष्कळदा नाटकही वेगळं. तालीम एखाद-दोन, कधी गाडीतच. म्हणून आमच्याकडे प्रॉम्प्टर, विंगेतून शब्द देणारा, हा जीव असतो. मास्तरजी शाळेतून निवृत्त होऊन आले होते. पहिल्याच नाटकात मी अडकले, रडत विंगेत गेले, तर ते एवढंच म्हणाले, "बाई, अडली की पदराले हात लाव. मी हावो."

त्यांचं शब्द देणं मी दुसऱ्या कोणाचं ऐकलं नाही. अख्खं वाक्य कधी द्यायचे नाहीत. पहिले दोन शब्द, तेही समोरच्या नटाचं वाक्य संपायच्या जराशा आधी, म्हणजे माझा श्वास भरेपर्यंत ते माझ्या कानात पडलेले असायचे. डोक्यावर लटकलेले माइक सगळं ओढून घेतात, म्हणून तोंड खाली करून, छातीतून बोलायचे. आणि रडण्याच्या जागी संहिता मिटून गप्प बसायचे. मी कितीही वेळ घेतला तरी घाई करायचे नाहीत. नायिका होते तेव्हा, मग वहिनी, मग खाष्ट सासू आणि आता आई, या सगळ्या बाया मी त्यांच्या आवाजातून उचलल्या. पूर्वी इकडे बायकांची कामं पुरुषच करायचे. त्यातली जुनी माणसं कशी चालायची, पदर कसा सावरायची, तेही त्यांनीच मला करून दाखवलं.

2023 साली झाडीपट्टीचे नट, गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मास्तरजींनी सगळ्यांना पेढे वाटले होते. घरच्या माणसाला मिळाल्यासारखे. टाळ्या नटाला पडतात, सत्कारात नाव नटाचं. विंगेत बसून रात्रभर डोळे फोडणाऱ्या माणसाचं नाव कोणी पुकारत नाही, ते मला कायम लागतं. या वर्षी ते आले नाहीत. साखरेनं नजर उतरली, बल्बच्या उजेडात अक्षर लागत नाही.

जागेवर आलेला पोरगा नवा आहे, जेमतेम वीस-बावीसचा. त्याला पदराचं काय माहीत! मी हात लावून उभी, तो वाट बघत बसला. मग घाबरला आणि अख्खा उताराच मोठ्यानं वाचला. माइकनं तो ओढला. मंडपात दोन आवाज घुमले, मागच्या पोरांनी शिट्टी मारली. मी तसाच पदर तोंडाशी नेला. आणि तोंडातून निघालं ते या नाटकातलं नव्हतंच:

"तुझा बाप गेला तवा मले रडाले बी सवड नव्हती रे. खळ्यावर धान चुराचं होतं."

सात-आठ वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी नाटकातलं. कान तिथं गेला आणि मास्तरजींचा आवाज आला, "तुझा बाप..." एवढाच. बाकीचं माझं मी बोलले. तबलेवाला चमकून बघायला लागला, त्याला कळलं. पोराचं काम करणारा शहाणा, त्यानं पाय धरले. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हातातली काठी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत घरात मरण झालेलं तिनं पाहिलं असेल. पडदा पडेपर्यंत मी तिच्याकडेच बोलत होते.

वडशाला उतरल्याबरोबर मास्तरजींना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "माइकमदी गेलं का?" गेलं म्हटल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोराले रागावू नको."

रागावले नाहीच. 2020 सालचा हंगाम कोरोनानं गिळला, त्या पावसाळ्यात मी दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला गेले होते. पहिल्या दिवशी माझी ओळ वाकडी जायची. शेजारची बाई काही न बोलता तिची पेंढी माझ्यासमोर धरायची, इथं लाव म्हणून.

येताना गाडीत तो पोरगा माझ्या मागच्या सीटवर होता. सारखा "चुकलं ताई, चुकलं" करत होता. ब्रह्मपुरी मागं पडल्यावर मी त्याला पुढं बोलावलं. मोबाइलच्या उजेडात संहिता उघडायला लावली आणि एकेक जागा दाखवली. इथं मी अडते. इथं दोनच शब्द दे. इथं वही मीट. तो पेन्सिलीनं समासात लिहीत होता, गाडी खड्ड्यात आदळली की अक्षर उडायचं. शेवटी विचारलं, "ताई, पदराले कोनता हात?"

"डावा," म्हटलं. त्यानं लिहिलं.

आज आरमोरीकडे आहे. गाडी चार वाजता.